जुनी ई-पुस्तक वाचनप्रणाली बिघडल्यास : आधी जपणूक, मग दुरुस्ती

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ई-पुस्तके वाचण्याची एखादी प्रणाली असते. तीत विकत घेतलेली दोन-तीन डझन पुस्तके असतात, त्यांवर केलेल्या खुणा आणि लिहिलेल्या टिपा असतात. एके दिवशी ती प्रणाली उघडत नाही. किंवा उघडते, पण पुस्तकाऐवजी इंग्रजीतील एखादा त्रोटक संदेश दाखवते. अशा वेळी ओळखीचे लोक एकच सल्ला देतात : ‘काढून टाका आणि पुन्हा बसवा.’

इतर सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा सल्ला बहुधा निरुपद्रवी असतो. ई-पुस्तकांच्या बाबतीत मात्र तो महागात पडू शकतो. कुलूपबंद ई-पुस्तक उघडण्याचा परवाना त्याच संगणकावर किंवा उपकरणावर साठवलेला असतो. प्रणाली पुसताना तो परवानाही गेला, तर तो पुन्हा मिळवण्यासाठी विक्रेत्याचा सर्व्हर चालू असावा लागतो, त्याने जुन्या प्रणालीला उत्तर द्यावे लागते आणि वाचकाला आपला जुना पासवर्ड आठवावा लागतो. यांपैकी एक गोष्ट जरी जुळली नाही, तरी पैसे मोजून घेतलेले पुस्तक हातचे जाते. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी आहे ते जपावे, मग दोष शोधावा आणि सरतेशेवटी प्रणालीला हात लावावा.

पहिले काम : प्रत काढणे

प्रणाली उघडत नसली तरी पुस्तकांच्या फाइली बहुतेक वेळा शाबूत असतात. त्या कोठे असतात, हे प्रणालीनुसार ठरते. ‘ॲडोबी डिजिटल एडिशन्स’ची पुस्तके ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘माय डिजिटल एडिशन्स’ या फोल्डरमध्ये असतात. ‘कॅलिबर’ हे सॉफ्टवेअर लेखकाच्या नावाने एकेक फोल्डर करते आणि त्यांच्या शेजारी ‘मेटाडेटा’ नावाची सूचीची फाइल ठेवते. तेथे निवडक पुस्तके न उचलता संपूर्ण फोल्डरचीच प्रत घ्यावी. किंडल यंत्र केबलने संगणकाला जोडल्यावर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये पुस्तके दिसतात. तेथेच ‘माय क्लिपिंग्ज’ ही साधी मजकूर फाइल असते आणि त्या यंत्रावर वाचताना केलेल्या खुणा व टिपा तीत साठलेल्या असतात. कोबो यंत्रात टिपा एका लपलेल्या फोल्डरमधील माहितीसाठ्यात असतात. लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर तो फोल्डर दिसतो.

ही प्रत पेन ड्राइव्हवर आणि शक्य असल्यास आणखी एका ठिकाणी ठेवावी. कुलूपबंद पुस्तकाची प्रत दुसऱ्या संगणकावर लगेच उघडेल असे नाही. परंतु परवाना परत मिळाला, तर मूळ फाइल हाती असणे आवश्यक ठरते. प्रत होईपर्यंत तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात : प्रणाली काढून टाकणे, यंत्राची नोंदणी रद्द करणे आणि यंत्र मूळ स्थितीत आणणे.

दोष नेमका कोठे आहे?

बिघाडाची चार ठिकाणे संभवतात : पुस्तकाची फाइल, वाचनप्रणाली, सर्व्हरशी होणारा संपर्क आणि अक्षरांची मांडणी. यांतील कोणते ठिकाण बिघडले आहे, हे कळण्यासाठी दोन सोप्या परीक्षा पुरतात. त्याच प्रणालीत दुसरे पुस्तक उघडून पाहावे. ते उघडले तर दोष पहिल्या फाइलीत आहे. तेच पुस्तक दुसऱ्या प्रणालीत किंवा फोनवर उघडून पाहावे. तेथे ते नीट दिसले तर दोष जुन्या प्रणालीत आहे.

ईपब स्वरूपाच्या फाइलीची तिसरी परीक्षाही करता येते. ईपब ही प्रत्यक्षात झिप पद्धतीने बांधलेली पुडी असते. फाइलीची एक प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटी ‘ईपब’ऐवजी ‘झिप’ लिहावे आणि ती उघडून पाहावी. आत प्रकरणांच्या फाइली दिसल्या तर पुडी शाबूत आहे. ती उघडलीच नाही तर फाइल अर्धवट उतरवली गेली असण्याची शक्यता असते आणि ती पुन्हा उतरवणे हाच उपाय असतो. ‘मेटा-इन्फ’ या आतील फोल्डरमध्ये ‘राइट्स’ नावाची फाइल आढळली, तर पुस्तकाला ॲडोबीचे कुलूप आहे असे समजावे.

अनेकांची फसगत ‘एसीएसएम’ या फाइलीमुळे होते. ही काही किलोबाइटची फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, तर पुस्तक आणण्याची चिठ्ठी असते. ती उघडल्यावर ‘ॲडोबी डिजिटल एडिशन्स’ सर्व्हरकडून खरे पुस्तक उतरवून घेते. या चिठ्ठीला मुदत असते. वर्षानुवर्षे जपून ठेवलेली चिठ्ठी पुढे उपयोगी पडत नाही. विक्रेत्याच्या किंवा ग्रंथालयाच्या खात्यातून नवी घ्यावी लागते.

प्रणाली सुरूच होत नसेल तर

संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत केल्यानंतर वाचनप्रणाली बंद पडली असेल, तर कारण बहुधा ३२ आणि ६४ बिटच्या फरकात असते. ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटची सॉफ्टवेअर चालवणे थांबवले, त्यामुळे अनेक जुन्या वाचनप्रणाली एका दिवसात निकामी झाल्या. अशा ठिकाणी जुन्या आवृत्तीशी झटापट करण्यात अर्थ नसतो. ६४ बिटची नवी आवृत्ती घेणे हाच मार्ग असतो.

कधी परिस्थिती याच्या उलट असते. संगणक जुना असतो आणि नवी आवृत्ती त्यावर बसत नाही. २०२२ साली आलेल्या कॅलिबरच्या सहाव्या आवृत्तीने ३२ बिटच्या संगणकांचा आधार काढून घेतला. क्रोमियम या ब्राउझर यंत्रणेनेही २०२३ च्या आरंभी विंडोज ७ आणि ८ यांना निरोप दिला. त्यामुळे तिच्यावर बेतलेल्या वाचनप्रणालींच्या पुढील आवृत्त्या त्या संगणकांवर चालत नाहीत. अशा संगणकासाठी त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती शोधावी, परंतु ती निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. कॅलिबरच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत. ‘जुनी सॉफ्टवेअर मोफत’ असे फलक लावणाऱ्या तिऱ्हाईत ठिकाणांहून घेतलेल्या फाइलीत काय दडलेले असेल, याची खात्री देता येत नाही.

विंडोजवर जुनी प्रणाली उघडून लगेच बंद होत असेल, तर तिच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कॉम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय वापरून पाहावा. कॅलिबरच्या बाबतीत पूरक जोडण्याही तपासाव्यात. २०२० मधील पाचव्या आवृत्तीने पायथन भाषेची नवी पिढी स्वीकारली, तेव्हा अनेक जुन्या जोडण्या चालेनाशा झाल्या. त्या बंद करून नव्या घेतल्यावर अडचण पुष्कळदा सुटते.

‘संपर्क होऊ शकत नाही’

घरातील इंटरनेट चालू आहे, फोनवर सर्व काही उघडते आहे, फक्त जुनी वाचनप्रणाली सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, अशा वेळी सर्वांत आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या संगणकाच्या मुख्य फलकावर नाण्याच्या आकाराची एक छोटी बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संपर्कासाठी वापरली जाणारी प्रमाणपत्रे ठरावीक तारखांदरम्यानच वैध असतात. त्यामुळे घड्याळ चुकले की संगणकाला प्रत्येक प्रमाणपत्र खोटे वाटते. तारीख दुरुस्त केल्यावर संपर्क सुरू झाला, तर ती बॅटरी बदलून घ्यावी. बहुतेक टेबल-संगणकांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते.

तारीख बरोबर असूनही संपर्क होत नसेल, तर दोन कारणे संभवतात. पहिले, टीएलएस या सुरक्षाप्रणालीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या आता कालबाह्य ठरल्या आहेत. मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये त्यांचा वापर थांबवला आणि मार्च २०२१ मध्ये त्या औपचारिकपणे मोडीत काढण्यात आल्या. विंडोज एक्सपीच्या अंगभूत यंत्रणेला १.२ ही आवृत्ती कळत नाही, म्हणून तिच्यावर विसंबलेली सॉफ्टवेअर आजच्या सर्व्हरशी बोलू शकत नाहीत. दुसरे, उपकरणात साठवलेली मूळ प्रमाणपत्रेही जुनी होतात. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेची प्रमाणपत्रे ज्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. तेव्हा सुस्थितीतील संकेतस्थळेही अनेक जुन्या उपकरणांवर उघडेनाशी झाली.

या दोन्ही दोषांवर जुन्या प्रणालीच्या आतून उपाय करणे सामान्य वाचकाला कठीण असते. सोपा मार्ग बाहेरून जातो. पुस्तक नव्या संगणकावर किंवा फोनवर उतरवावे आणि केबलने किंवा पेन ड्राइव्हने जुन्या यंत्रात न्यावे. कुलूप नसलेले पुस्तक वाचण्यासाठी सर्व्हरची गरज लागत नाही. यंत्राचे अद्ययावतीकरणही कित्येकदा असे हाताने करता येते. २०१२ आणि त्यापूर्वीच्या किंडल यंत्रांसाठी ॲमेझॉनने २२ मार्च २०१६ पर्यंत एक आवश्यक अद्ययावतीकरण करून घेण्यास सांगितले होते. ज्यांची मुदत हुकली, त्यांना ते संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकावे लागले.

परवाना नाकारला जात असेल तर

‘ॲडोबी डिजिटल एडिशन्स’ एका खात्यावर साधारणतः सहा उपकरणांना परवानगी देते. विकून टाकलेले, बिघडलेले, भंगारात गेलेले संगणकही या गणनेत धरलेले असतात. नवा संगणक घेतल्यावर ‘मर्यादा संपली’ असा संदेश आला, तर ॲडोबीच्या ग्राहकसेवेकडे जुन्या नोंदी पुसण्याची विनंती करावी लागते.

याहून अवघड प्रसंग खाते न उघडता प्रणाली वापरणाऱ्यांवर येतो. ही सोय प्रणालीत होती आणि घाईत अनेकांनी ती निवडली. तसे घेतलेले पुस्तक फक्त त्याच संगणकावर उघडते. असा संगणक अजून चालू असेल, तर त्यावरील पुस्तकांची यादी करून विक्रेत्याच्या खात्यातून ती पुन्हा उतरवता येतात का, हे आजच पाहावे.

कंट्रोल, शिफ्ट आणि डी या तीन कळा एकदम दाबल्यास त्या संगणकाची परवानगी पुसली जाते आणि पुन्हा नव्याने देता येते. हा उपाय प्रभावी आहे, पण तो करण्यापूर्वी ब्राउझरमधून आपल्या ॲडोबी खात्यात प्रवेश करून पासवर्ड चालतो याची खात्री करावी. ज्या ईमेलवर खाते उघडले, तो ईमेलच बंद पडलेला असेल तर परवानगी पुसू नये.

कुलूप तोडून देणारी साधने इंटरनेटवर आढळतात. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. विक्रेत्याकडे कुलूपविरहित प्रत मागणे हा सरळ मार्ग आधी वापरून पाहावा.

मराठी अक्षरे मोडत असतील तर

मराठी वाचकाला सर्वाधिक छळणारा दोष हाच. त्याचे तीन प्रकार असून प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिल्या प्रकारात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांमध्ये मजकूर लिहिला जाई. त्यांत ‘क’ किंवा ‘म’ हे अक्षर प्रत्यक्षात एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. तो टंक संगणकावर नसेल तर मूळ इंग्रजी चिन्हे उघडी पडतात. टंक बसवल्यास मजकूर वाचता येतो. कायमचा उपाय म्हणजे त्या टंकासाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणणे. परिवर्तनानंतर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. अशा टंकांतील पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, कारण टंक तिच्यातच असतो. परंतु तीत शब्द शोधता येत नाही आणि मजकूर उचलला तर खिचडीच हाती येते.

दुसऱ्या प्रकारात अक्षरे ओळखू येतात, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उमटते आणि जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते. ती डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम वाचनप्रणालीचे असते. जुन्या प्रणालीला हे काम येत नाही. येथे पुस्तक निर्दोष असते, म्हणून ते फेकून देऊ नये. विंडोज एक्सपीवर प्रादेशिक भाषांच्या पर्यायांतून जटिल लिपींचा आधार बसवावा लागतो. इतरत्र प्रणाली बदलणे इष्ट. क्रोमियमवर बेतलेली थोरियम रीडर ही मोफत वाचनप्रणाली देवनागरीची मांडणी नीट करते. ज्या जुन्या यंत्रावर प्रणाली बदलता येत नाही, त्यासाठी नव्या संगणकावर कॅलिबरमधून यंत्राच्या पडद्याएवढ्या पानांची पीडीएफ करावी. त्या पीडीएफमध्ये अक्षरे आधीच जुळवलेली असतात, यंत्राला फक्त ती दाखवायची असतात.

तिसऱ्या प्रकारात मजकूर बरोबर असतो, पण मधूनच रिकामे चौकोन दिसतात. टंकात ते अक्षर नसते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या टंकात ‘ॲप’ या शब्दाच्या आरंभी चौकोन उमटतो. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा ‘र’ही जुन्या टंकांत बिघडतो. प्रणालीत टंक निवडण्याची सोय असेल तर नोटो, मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका यांपैकी एखादा मोफत टंक वापरावा आणि ‘प्रकाशकाचा टंक’ हा पर्याय बंद करावा.

पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली आहे का, हेही पाहावे. ती इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेली असेल, तर काही टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे उमटतात. शिवाय मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा चुकीचा आवाज निवडते. दृष्टिहीन वाचकासाठी एवढ्या एका नोंदीने पुस्तक निरुपयोगी ठरू शकते. कॅलिबरमध्ये ही नोंद बदलता येते.

कॅलिबरची यादी रिकामी दिसल्यास

पुस्तके डिस्कवर असताना कॅलिबरमध्ये एकही दिसत नसेल, तर बहुधा ग्रंथसंग्रहाचा फोल्डर हलवलेला असतो. त्याची नवी जागा दाखवली की यादी परत येते. सूचीची फाइलच बिघडली असेल, तर ‘लायब्ररी मेंटेनन्स’मधील ‘रिस्टोअर डेटाबेस’ हा पर्याय प्रत्येक पुस्तकाशेजारी साठवलेल्या माहितीवरून सूची पुन्हा उभी करतो. हा बिघाड टाळायचा असेल तर एकच संग्रह दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडू नये.

बंद पडलेली स्वरूपे

मायक्रोसॉफ्ट रीडर हे सॉफ्टवेअर २००० साली आले आणि २०१२ मध्ये बंद झाले. त्याच्या ‘लिट’ फाइली मागे राहिल्या. मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी ॲमेझॉनने २००५ मध्ये घेतली. तिचे ‘मोबी’ स्वरूपही आता मागे पडले असून २०२२ पासून किंडलवर स्वतःचे पुस्तक पाठवताना ईपब स्वीकारले जाते. कुलूप नसलेल्या लिट आणि मोबी फाइली कॅलिबर उघडते आणि ईपबमध्ये बदलून देते. हे रूपांतर करून ठेवावे, पण मूळ फाइल पुसू नये. रूपांतरात तळटीपा किंवा अनुक्रमणिका बिघडल्यास मूळ प्रत लागते.

जुनी प्रणाली ठेवावी की सोडावी?

जुनी प्रणाली केवळ गैरसोयीची असते असे नाही. ‘ॲडोबी डिजिटल एडिशन्स’ची चौथी आवृत्ती वाचकांच्या वाचनाची माहिती विनासंरक्षण सर्व्हरकडे पाठवते, असे ऑक्टोबर २०१४ मध्ये उघड झाले आणि त्याच महिन्यात सुधारित आवृत्ती काढावी लागली. जुनी आवृत्ती वापरत राहणाऱ्याला अशा सुधारणा मिळत नाहीत. विंडोज एक्सपीची सुरक्षा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली. असा संगणक केवळ वाचनासाठी ठेवायचा असेल तर त्याचे इंटरनेट बंद ठेवावे आणि बँकेचे किंवा ईमेलचे काम त्यावर करू नये.

दुरुस्तीने सर्व पुस्तके परत मिळतीलच असे नाही. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या दुकानातील ई-पुस्तकांचा विभाग बंद केला आणि त्याच वर्षी जुलैपासून ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके मिळाली नाहीत. कुलूपबंद ई-पुस्तक विकत घेणारा वाचक पुस्तकाचा नव्हे, तर वाचनाच्या परवान्याचा धनी होतो, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले.

म्हणून यापुढे निवड करता येईल तेथे कुलूप नसलेले ईपब घ्यावे. मराठी विकिस्रोतावरील ग्रंथ ईपबमध्ये उतरवता येतात आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. अशा फाइली कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर विसंबून नसतात.

पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. तेथील छापील ग्रंथ आजही वाचता येतात, कारण ते जपण्याचे काम कोणीतरी पिढ्यानपिढ्या केले. घरातील लॅपटॉपवरच्या पुस्तकांना असा ग्रंथपाल नसतो. ते काम वाचकालाच करावे लागते. वर्षातून एकदा दोन-चार पुस्तके उघडून पाहावीत, टिपांची प्रत काढावी, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड चालतो का ते तपासावे. एका दुपारचे हे काम आहे आणि ते प्रणाली चालू असतानाच करता येते.